सेट : एक छोटा शब्द, दोन कुळे आणि शेकडो अर्थ

व्हॉलीबॉलच्या सामन्याचे इंग्रजी समालोचन ऐकताना 'तिसऱ्या सेटमध्ये सेटरने सुरेख सेट दिला' अशा आशयाचे वाक्य सहज कानावरून जाते आणि खेळ ठाऊक असलेल्या कोणाचाही त्यात गोंधळ होत नाही. पहिला 'सेट' म्हणजे २५ गुणांचा एक डाव. दुसरा म्हणजे चेंडू जाळ्याजवळ अलगद उंच उचलून देण्याची कृती, जेणेकरून सहकाऱ्याला उडी मारून त्यावर जोरदार फटका मारता यावा. आणि ही कृती करणारा तो सेटर. हे दोन्ही 'सेट' लिहायला आणि उच्चारायला तंतोतंत एक आहेत, पण त्यांचे कूळ एक नाही. डाव या अर्थाचा सेट लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला पाहुणा आहे, तर चेंडू उचलून देणारा सेट इंग्रजीच्या अगदी तळाच्या थरातला, घरचा शब्द आहे. या शब्दाचे अर्थ इतके कसे वाढले याचे निम्मे उत्तर या दोन कुळांच्या सरमिसळीत आहे आणि उरलेले निम्मे आपल्या रोजच्या वापरातल्या एका मराठी क्रियापदाच्या आधारे चांगले उलगडता येते.

आधी आकड्यांविषयी. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची वीस खंडांची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यातली सर्वांत लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. सुमारे ४३० अर्थ आणि सुमारे ६०,००० शब्दांचा मजकूर, म्हणजे एका शब्दाच्या नोंदीसाठी एका बेताच्या कादंबरीएवढी जागा लागली होती. पुढे याच कोशाच्या फेररचनेत हा मान 'सेट'कडे राहिला नाही. २०११ च्या सुमारास 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेल्याचे जाहीर झाले आणि त्या एका नोंदीवर कोशकार पीटर गिलिव्हर यांनी सुमारे नऊ महिने काम केले होते. सामान्यज्ञानाच्या प्रश्नमंजूषांमध्ये मात्र 'सर्वाधिक अर्थांचा इंग्रजी शब्द' म्हणून अजूनही बऱ्याचदा 'सेट'चेच नाव दिलेले आढळते.

परंतु हे आकडे डाळिंबाचे दाणे मोजावेत तसे मोजलेले नसतात, ही गोष्ट लक्षात ठेवली नाही तर त्यांचा उगीचच दरारा वाटू लागतो. घड्याळ लावणे, गजर लावणे आणि एखाद्या यंत्राचे तापमान ठरवून ठेवणे या तिन्हींना इंग्रजीत 'सेट' चालते. आता हा 'उपकरण हव्या त्या स्थितीत आणणे' असा एकच अर्थ धरायचा की तीन वेगळे अर्थ धरायचे, हे कोशकार ठरवतो. काही कोशकारांचा कल जवळचे उपयोग एकत्र बांधण्याकडे असतो, तर काहींचा बारीक फरक दिसताच नवा उपविभाग पाडण्याकडे. विद्यार्थ्यांसाठी केलेला आटोपशीर कोश हाच शब्द थोडक्या अर्थांत उरकतो आणि तरीही खोटे काही सांगत नाही. ऑक्सफर्डचा कोश ऐतिहासिक असल्यामुळे शतकांपूर्वी प्रचारातून गेलेले अर्थही तो जपून ठेवतो, हेही त्या फुगलेल्या संख्येचे एक कारण आहे.

आता घरच्या कुळाकडे वळू. जुन्या इंग्रजीत 'सित्तन' म्हणजे बसणे आणि 'सेत्तन' म्हणजे बसवणे. आजचे 'सिट' आणि 'सेट' ही त्यांचीच झिजलेली रूपे. मराठी व्याकरणात ज्याला आपण प्रयोजक क्रियापद म्हणतो, म्हणजे कर्ता स्वतः क्रिया न करता ती दुसऱ्याकडून करवतो, त्याच जातीचे हे 'सेट' आहे. आपण मूळ क्रियापदाला 'व' जोडून बसणेचे बसवणे करतो, किंवा पडणे-पाडणे, मरणे-मारणे या जोड्यांप्रमाणे आतला स्वर लांबवतो. जर्मानिक भाषांच्या पूर्वजात असे करण्यासाठी धातूला 'य'सारखा ध्वनी असलेला प्रत्यय लागत असे. त्या 'य'च्या ओढीने आधीचा 'अ' बदलून 'ए' झाला आणि पुढे तो प्रत्यय स्वतः झडून गेला. कारण नाहीसे झाले आणि परिणाम तेवढा उरला. इंग्रजीत अशा जोड्या आता बोटांवर मोजण्याइतक्या शिल्लक आहेत: 'लाय' म्हणजे आडवे होणे आणि 'ले' म्हणजे आडवे ठेवणे, 'फॉल' म्हणजे पडणे आणि 'फेल' म्हणजे झाड तोडून पाडणे. इंग्रजी शिकणाऱ्याला या जोड्या स्वतंत्र शब्द म्हणून पाठ कराव्या लागतात. मराठी भाषकाला त्यांचे नाते दाखवून दिले की त्यात नवल वाटू नये, कारण ही यंत्रणा आपल्या भाषेत आजही चालू स्थितीत आहे.

याच मुळाची आणखी एक शाखा आपल्या परिचयाची आहे. 'सिट', लॅटिनमधले 'बसणे' या अर्थाचे क्रियापद आणि संस्कृतमधला 'सद्' हा धातू एकाच प्राचीन मूळ धातूची अपत्ये मानली जातात. या 'सद्'पासूनच आपले सदन, सभासद, परिषद आणि संसद हे शब्द आले आहेत. एकत्र बसण्याची जागा किंवा एकत्र बसलेल्यांचा मेळावा हा त्यांचा गाभा. मात्र मराठीतले 'बसणे' या वंशातले नाही. ते संस्कृत 'उपविश्'पासून प्राकृतमार्गे आले असून जुन्या मराठीतल्या 'बैसणे' या रूपात त्याचा माग अजून दिसतो. सेट आणि बसवणे यांच्यात रक्ताचे नाते नाही, तरी त्यांच्या अर्थविस्तारात जे साम्य आढळते ते म्हणूनच अधिक लक्षवेधी ठरते.

ते साम्य किती दूर जाते ते पाहण्यासारखे आहे. निखळलेले हाड जागेवर आणण्याला इंग्रजीत सेट म्हणतात, आपण हाड बसवतो. अंगठीत खडा सेट करतात, आपण खडा बसवतो. दोन्हीकडे मूळ चित्र एखाद्याला हाताला धरून आसनावर बसवण्याचे आहे. पण ज्याला बसवायचे तो माणूस नसून वस्तू आहे, आणि आसनाच्या जागी त्या वस्तूची नेमकी, तिच्यासाठीच असलेली जागा आली आहे. 'नेमकी जागा' ही कल्पना एकदा शिरली की पुढचा रस्ता मोकळा होतो. नुसते 'ठेवणे' आणि 'बसवणे' यांतला फरक आपल्याला आपोआप कळतो: ठेवलेली फरशी उचलता येते, बसवलेली फरशी उचलायला छिन्नी लागते. सेटमध्येही हा पक्केपणाचा अंश कायम डोकावत राहतो आणि तोच पुढे अमूर्त गोष्टींना लागू होतो. वस्तू जागेवर पक्की करणे म्हणजे सेट, तर तारीख, किंमत, नियम किंवा उद्दिष्ट पक्के करणे हेसुद्धा सेट. तिथे मराठीत बसवणे चालत नाही, ठरवणे किंवा घालून देणे लागते. तरी इंग्रजी भाषकाच्या दृष्टीने त्याने शब्द बदललेला नसतो, फक्त बसवायची वस्तू बदललेली असते.

काही ठिकाणी आपण बसवणे सोडून लावणे वापरतो. गजर लावणे, सापळा लावणे, कवितेला चाल लावणे, आग लावणे, या सगळ्यांना इंग्रजीत सेट आहे. लावणे हेही लागणेचे प्रयोजक रूप आहे, म्हणजे इंग्रजीने एका प्रयोजकावर जे ओझे टाकले ते मराठीने दोघांत वाटून दिले. उरलेल्या जागी आपण त्या त्या व्यवहाराचा स्वतंत्र शब्द वापरतो. प्रश्नपत्रिका काढतात, विक्रम नोंदवतात, पाऊल ठेवतात, कैद्याला मुक्त करतात, खिळ्यांच्या छपाईच्या काळात अक्षरे जुळवत असत आणि पुस्तकांवर 'अक्षरजुळणी' हा शब्द अजूनही छापला जातो. 'सेटचा मराठी अर्थ काय' या प्रश्नाला म्हणूनच एका शब्दात उत्तर देता येत नाही. काय सेट करायचे आहे हे आधी विचारावे लागते. क्रियापदाचा अर्थ त्याच्या कर्मावर इतका अवलंबून असणे ही काही इंग्रजीची खोड नव्हे. 'मारणे' या आपल्या क्रियापदासमोर उडी, हाक, शिक्का, गप्पा, टिचकी आणि माशी ही कर्मे एकेक करून ठेवून पाहावीत; यांपैकी फक्त शेवटच्या ठिकाणी कोणाचा जीव जातो.

या शब्दाला व्याकरणाची एक अडचणही चिकटलेली आहे. वर्तमानकाळ, भूतकाळ आणि भूतकालवाचक धातुसाधित या तिन्ही ठिकाणी त्याचे रूप 'सेट' हेच राहते. धातुसाधित हे विशेषणासारखे वापरता येत असल्याने 'ठरलेला', 'साचेबंद', 'सज्ज' असे आणखी अर्थ त्याला मिळाले. शर्यतीच्या आरंभी दिला जाणारा 'गेट सेट' हा इशारा याच जातीचा: आपापल्या जागी पक्के बसा, तयार राहा. अधिकृत स्पर्धांत 'सेट' ही आज्ञा ४०० मीटरपर्यंतच्या शर्यतींनाच दिली जाते; त्यांत धावपटू वाकून, हात जमिनीला टेकवून सुरुवात करतो आणि या आज्ञेला कंबर उचलून स्थिर होतो. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उभ्यानेच सुरुवात होत असल्याने जागा घेतल्यावर थेट बंदूक वाजते.

मग सूर्याचे काय? बसवणारा कोणी नसताना सूर्य 'सेट' कसा होतो? इथे प्रयोजकाने आपली मर्यादा ओलांडून 'बसणे' या अर्थाच्या हद्दीत पाऊल टाकले आहे. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला 'सेत्लगंग' असा शब्द होता. 'सेत्ल' म्हणजे आसन आणि 'गंग' म्हणजे जाणे. दिवसभराचा प्रवास संपवून सूर्य आपल्या आसनाकडे जातो, ही त्यामागची कल्पना. आपल्याकडे सूर्य मावळतो, बुडतो, अस्ताला जातो. बसत मात्र नाही. सिमेंट सेट होणे हाही असाच कर्त्यावाचून घडणारा प्रकार आहे. पातळ, हलणारे मिश्रण एका क्षणी आपला आकार धरून बसते, म्हणजे हलायचे थांबते. हे सुकणे नव्हे, हे इथे सांगून टाकलेले बरे, कारण सिमेंट पाण्याशी होणाऱ्या रासायनिक प्रक्रियेने घट्ट होते आणि म्हणून ते पाण्याखालीही सेट होऊ शकते. बांधकामाच्या शास्त्रात सेट होणे आणि त्यानंतर हळूहळू मजबुती येणे या दोन वेगळ्या अवस्था मानतात. रोजच्या बोलण्यात आपण त्या एकत्र करतो आणि त्याने काही बिघडत नाही, निदान जोवर आपण स्वतः स्लॅब घालत नाही तोवर.

आता पाहुण्या कुळाविषयी. लॅटिनमध्ये 'अनुसरणे' या अर्थाच्या क्रियापदापासून 'सेक्ता' हे नाम तयार झाले, ज्याचा अर्थ अनुयायांचा गट. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे 'सेत्त' झाले आणि इंग्रजीत येऊन ते 'सेट' झाले. पंथ या अर्थाचा 'सेक्ट' हा त्याचा सख्खा भाऊ. आधी माणसांचा गट, मग एकत्र वापरायच्या वस्तूंचा गट असा त्याचा प्रवास झाला. गंमत पुढे झाली. उच्चार सारखा असल्यामुळे बोलणाऱ्यांना हे नाम आधीच असलेल्या सेट क्रियापदाचेच वाटू लागले. जे एकत्र मांडून ठेवले आहे ते सेट, अशी समजूत पटण्यासारखीही होती. समजूत व्युत्पत्तीच्या दृष्टीने चुकीची असली तरी अर्थावर तिचा खरा परिणाम झाला आणि आज काही उपयोगांत दोन्ही प्रवाहांचे पाणी वेगळे काढता येत नाही. भाषाशास्त्रात एका शब्दाला अनेक अर्थ असणे आणि दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे दिसणे यांत काटेकोर फरक करतात; सेटच्या बाबतीत ही सीमारेषा मधेच पुसट होते.

तरीही थोडी छाननी करता येते. चित्रपटाचा सेट क्रियापदाच्या कुळातला आहे, कारण ती रंगमंचावर उभारलेली, बसवलेली दृश्यरचना. टीव्ही सेटमधला सेट समूहवाचक आहे, कारण एकत्र काम करणाऱ्या भागांचा तो संच. टेनिसमधला सेट हा गेमचा समूह: सहा गेम आणि किमान दोनची आघाडी हा मूळ हिशेब, आणि बरोबरी लांबत जाऊ नये म्हणून आता टायब्रेक. अंतिम सेटला टायब्रेक नसण्याच्या काळात, २०१० मध्ये विम्बल्डनला जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा पाचवा सेट ७०-६८ असा संपला होता आणि तो सामना तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटे चालला. समूहाला किती ताणता येते याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

गणितातला सेट, म्हणजे आपण शाळेत शिकतो तो संच, याची कथा निराळी आहे. जर्मन गणितज्ञ गेऑर्ग कँटर यांनी १८७४ पासून या विषयाची पायाभरणी केली. त्यांच्या जर्मन शब्दाला इंग्रजीत सुरुवातीला 'ॲग्रिगेट' असाही प्रतिशब्द वापरला गेला आणि अखेर 'सेट' रूढ झाला. शब्द बोलीतला घेतला, पण त्याला बोलीत नसलेल्या अटी घातल्या. रोजच्या व्यवहारातल्या संचाला हेतू असतो, त्यातल्या वस्तू एकमेकींना साजेशा असतात. गणिताच्या संचाला एवढेच पुरते की एखादा घटक त्यात आहे की नाही हे निश्चित सांगता यावे. त्यात क्रमाला महत्त्व नाही आणि पुनरुक्तीला किंमत नाही. १, २, २, ३ असे लिहिले काय आणि ३, १, २ असे लिहिले काय, संच तोच. शिवाय त्यात काहीही नसले तरी तो संच असतो, त्याला रिक्त संच म्हणतात. दुकानदाराने रिकामा खोका देऊन 'हाही एक सेटच आहे' असे म्हटले तर ग्राहक पैसे परत मागेल. गणितज्ञाला मात्र मान डोलवावी लागेल.

सेटच्या मागे एखादे अव्यय लागले की सगळ्यात मोठा घोळ होतो. 'सेट अप', 'सेट आउट', 'सेट इन', 'सेट बॅक' यांचे अर्थ दोन तुकड्यांची बेरीज करून नेहमी मिळत नाहीत. एकट्या 'सेट ऑफ'चे पाहा: प्रवासाला निघणे, फटाका उडवणे, चुकून गजर वाजवणे, एखाद्या रंगाने शेजारच्या रंगाला उठाव देणे आणि हिशेबात येणे-देणे परस्पर वळते करून उरलेली रक्कम काढणे, हे सगळे त्यात बसते. सुरुवातीचे तीन अर्थ 'थांबलेले काहीतरी सुटणे' या कल्पनेने जोडता येतात. पुढच्या दोघांत एक गोष्ट दुसरीच्या समोर ठेवण्याची कल्पना आहे.

भाषांतरात सर्वाधिक नुकसान कदाचित 'सेट असाइड'ने केले असेल. पैसे 'सेट असाइड' करणे म्हणजे ते बाजूला काढून ठेवणे, नंतर वापरण्यासाठी जपणे. वरिष्ठ न्यायालय कनिष्ठ न्यायालयाचा आदेश 'सेट असाइड' करते तेव्हा तो रद्द ठरवते, त्याला कायद्याचे बळ उरत नाही. 'न्यायालयाने आदेश बाजूला ठेवला' असे वाक्य मराठी बातमीत वाचले की वाचकाला वाटते, निर्णय पुढे ढकलला आहे आणि आदेश कुठेतरी शाबूत आहे. एकाच शब्दबंधाने जपणे आणि संपवणे असे जवळजवळ उलटे अर्थ दिल्यामुळे हे घडते. मूळ चित्र दोन्हीकडे तेच आहे, वस्तू चालू व्यवहारातून उचलून कडेला बसवणे. ती पुन्हा कामी येणार की कायमची गेली, हे त्या त्या व्यवहाराला ठाऊक असते.

उलट दिशेने मराठीनेही या शब्दात भर घातली आहे. 'तो आता सेट झाला' म्हणजे नोकरीधंद्यात स्थिरावला, हे आपण इंग्रजीतल्या 'सेटल'चे काम सेटवर ढकलून साधले. सेटलचे मूळही त्याच 'सेत्ल' आसनात आहे, त्यामुळे कूळ काही बाटले नाही. संगनमत करून आतून जमवाजमव करणे या अर्थाची 'सेटिंग' मात्र मूळ इंग्रजी भाषकाला समजावून सांगावी लागेल.

छोट्या, रोजच्या शब्दांनाच इतके अर्थ का, या प्रश्नाकडे अमेरिकन भाषाभ्यासक जॉर्ज किंग्जली झिप्फ यांनी १९४५ मध्ये आकडेवारीच्या अंगाने पाहिले आणि शब्द जितका अधिक वापरात, तितके त्याचे अर्थ अधिक असे नाते दाखवले. बोलणाऱ्याला थोड्या शब्दांत भागवायचे असते, ऐकणाऱ्याला प्रत्येक अर्थासाठी वेगळा शब्द असता तर सोयीचे झाले असते, आणि भाषा या दोन ओढींच्या मध्ये कुठेतरी स्थिरावते, असे त्यांचे म्हणणे होते.

ऐकणाऱ्याची ही अडचण यंत्राला अधिक जाणवते. जुलै १९४९ मध्ये अमेरिकन गणितज्ञ वॉरन वीव्हर यांनी यंत्राद्वारे भाषांतराविषयी एक टिपण लिहिले. त्यात त्यांनी अशी कल्पना मांडली की पुस्तकाच्या पानावर भोक पाडलेला अपारदर्शक कागद ठेवला आणि भोकातून एकच शब्द दिसू दिला, तर त्याचा अर्थ ठरवता येणार नाही; भोक रुंद करत आजूबाजूचे शब्द दिसू दिले, की पुरेशा रुंदीला अर्थ निश्चित होईल. सेटवर हा प्रयोग करून पाहू. नुसता 'सेट' दिसला तर काहीच कळत नाही. डावीकडे 'द सन' दिसले की सूर्य मावळला हे कळते, एवढी फट पुरते. पण 'दे सेट द प्राइस' असे अख्खे वाक्य दिसले, तर किंमत ठरवण्याचा अर्थ लागतो, आणि ते लोक किंमत नेहमी ठरवतात की त्यांनी ती मागे एकदा ठरवली, हे मात्र कळत नाही, कारण तिन्ही रूपांत सेट तसाच राहतो. त्यासाठी फट पूर्णविरामापलीकडे, शेजारच्या वाक्यापर्यंत न्यावी लागते.